आजारी कोण: यंत्र की दुभाष्या?

घरातील दहा-बारा वर्षांचा संगणक एके दिवशी रुसतो. पडद्यावरील अक्षरे अवाजवी मोठी दिसू लागतात, चित्रफीत अडखळते, मधूनच पडदा काळा पडतो. दुकानदार यंत्राचे वय विचारतो आणि निकाल देतो, "आता नवाच घ्या." या एका वाक्याने कितीतरी धडधाकट यंत्रे भंगारात जातात, त्यांच्याबरोबर घरातील शिकत्या मुलाचे साधनही जाते. वास्तविक दोष पुष्कळदा यंत्राचा नसून त्याच्या दुभाष्याचा असतो.

पिढ्यान्‌पिढ्या परभाषी प्रदेशात नांदणाऱ्या आपणांस दुभाष्याचे महत्त्व सांगावयास नको. संगणकात चित्र उमटविण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते. विंडोज त्यास आज्ञा देते. परंतु प्रत्येक कार्डाची बोली निराळी. ती आज्ञा कार्डाच्या बोलीत सांगणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. विंडोज बदलले आणि ड्रायव्हर जुनाच राहिला, किंवा भलत्याच कार्डाचा ड्रायव्हर येऊन बसला, की संभाषण बिघडते.

प्रथम रोगनिदान करावे. यंत्र सुरू होताच, विंडोज येण्यापूर्वी, निर्मात्याचे नाव पडद्यावर झळकते. तेव्हाच रेघोट्या वा ठिपके दिसत असतील, तर दोष बहुधा कार्डात, केबलमध्ये किंवा मॉनिटरमध्ये असतो. वीजजोडणी काढून धूळ झटकावी, कार्ड खाचेत नीट बसवावे, मॉनिटरची केबल कार्डालाच जोडली आहे ना, हे पाहावे. आरंभीचे चित्र स्वच्छ असून विंडोज आल्यावरच बिघाड होत असेल, तर संशय ड्रायव्हरवर घ्यावा.

मग 'डिव्हाइस मॅनेजर'मधील 'डिस्प्ले अडॅप्टर्स' उघडावे. तेथे कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' दिसले, तर मूळ दुभाष्या गैरहजर असून बदली माणूस वेळ निभावतो आहे, असे समजावे. नवा ड्रायव्हर आल्यापासूनच बिघाड सुरू झाला असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हा सोपा उपाय आहे.

योग्य ड्रायव्हर शोधताना खोक्यावरील नावावर विसंबू नये. एनव्हिडियाच्या 'जीटी ७३०' या एकाच नावाने फर्मी आणि केप्लर अशा दोन घराण्यांची कार्डे विकली गेली. फर्मीसाठी नित्याचे नवे ड्रायव्हर देणे २०१८ साली थांबले, केप्लरसाठी २०२१ साली. फर्मीचा अखेरचा ड्रायव्हर ३९१ मालिकेतला. केप्लरचे त्यापुढील, ४७० शाखेतले ड्रायव्हर त्यास चालत नाहीत. म्हणजे सर्वांत नवा तोच योग्य, हा समज येथे फसवा ठरतो. खरी ओळख कार्डाच्या 'प्रॉपर्टीज'मधील 'हार्डवेअर आयडीज' येथे मिळते. त्यातील १०डीई ही खूण एनव्हिडियाची, १००२ एएमडीची, ८०८६ इंटेलची. पुढील 'डेव्ह' क्रमांक नेमके कार्ड सांगतो.

महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत आधी बाहेर काढून ठेवावी. ड्रायव्हर निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून उतरवून घ्यावा. 'सर्व ड्रायव्हर आपोआप सुधारतो' अशा जाहिरातींपासून दूर राहावे. त्यानंतर इंटरनेट तोडावे, अन्यथा विंडोज मध्येच स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसविते. जुना ड्रायव्हर काढून, यंत्र पुन्हा सुरू करून नवा बसवावा. पडदा फारच त्रास देत असेल, तर जुना काढण्याचे काम 'सेफ मोड'मध्ये करावे.

एक सावधगिरी मात्र हवी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्या न मिळणाऱ्या यंत्रावर लेखन-वाचन करावे, बँकेचे व्यवहार टाळावेत.

इतके करूनही गुण आला नाही, तर कार्ड दुसऱ्या यंत्रात लावून पाहावे. तेथेही तोच दोष दिसला, तर कार्डाचे आयुष्य संपले असे मानावे. तो निकालही कार्डापुरताच; संपूर्ण यंत्राचा नव्हे.