चाकोरी सुटल्यावर



आजचें भाषण मुलांच्या एका खेळण्यासंबंधीं आहे, हें आरंभींच सांगून टाकतों. म्हणजे ज्यांस एखाद्या गहन विषयाची अपेक्षा असेल त्यांची निराशा लवकर होऊन जाईल. विजेवर धांवणाऱ्या लहान लहान मोटारींच्या शर्यती आपल्यापैकीं कांहींच्या दिवाणखान्यांत होत असतील. या खेळास इंग्रजींत ‘स्लॉट कार’ असें नांव आहे. स्लॉट म्हणजे खांच. परंतु आपल्या भाषेंत याहून चांगला शब्द तयार आहे, तो चाकोरी. कच्च्या रस्त्यावर गाडीच्या चाकांनीं जी खोल वाट पडते ती चाकोरी. वऱ्हाडच्या काळ्या जमिनींतून पावसाळ्याच्या अखेरीस ज्यांनीं गाडी हांकली आहे, त्यांस चाकोरीची सत्ता काय असते हें सांगावयास नको. चाक एकदां तींत बसलें कीं बैलांनीं मनांत आणलें तरी तें बाहेर निघत नाहीं.

या खेळण्यांतील चाक मात्र निघतें, आणि तेथेंच तंटा सुरू होतो. चार मोटारी धांवत आहेत. एक चाकोरींतून उडून बाजूस पडली. आतां बाकीच्या तीन थांबवावयाच्या कीं धांवूं द्यावयाच्या? प्रश्न दिसतो क्षुल्लक. पण त्यावरून सख्ख्या भावंडांचें बोलणें दोन दोन दिवस बंद झालेलें मीं पाहिलें आहे.

प्रथम रचना समजून घेऊं. प्लॅस्टिकचे जाड तुकडे एकमेकांत अडकवून वांकडातिकडा मार्ग तयार करतात. त्यावर घरगुती संचांत बहुधा दोन, आणि हौशी लोकांच्या मंडळांतून चार, सहा, आठ अशा खांचा शेजारीं शेजारीं असतात. एका खांचेंत एक मोटार. खांचेच्या दोन्ही कांठांस धातूची एकेक पट्टी असून त्या पट्ट्यांतून सौम्य दाबाची, सुमारें १२ ते १५ व्होल्टची, वीज खेळत असते. मोटारीच्या पोटाखालीं, पुढच्या अंगास, एक लहानशी जीभ असते. ती खांचेंत उतरते. जिभेच्या दोहों बाजूंस तांब्याच्या बारीक तारांच्या वेण्या असतात. त्या पट्ट्यांवर घासत जातात व त्यांच्या द्वारें मोटारीस वीज मिळते. खेळणाऱ्याच्या हातांत एक मूठ असते. तिचा घोडा जितका दाबावा तितका वेग अधिक. सुकाणू असें कांहींच नाहीं. वळण मोटार आपोआप घेते, कारण तिची जीभ खांचेंत अडकलेली असते. खेळणाऱ्याच्या स्वाधीन एकच गोष्ट, वेग. आणि सारें कौशल्य घोडा केव्हां सोडावा यांत आहे.

विजेच्या शर्यती मोटारींचें खेळणें अमेरिकेंतील लायोनेल या आगगाडीच्या खेळण्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या कंपनीनें १९१२ सालींच बाजारांत आणलें होतें. परंतु तें फार काळ टिकलें नाहीं. पुढें १९५७ सालीं इंग्लंडांत फ्रेड फ्रान्सिस या गृहस्थांच्या कारखान्यानें ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नांवानें हा खेळ आणला, आणि तेव्हांपासून तो घरोघर पोहोंचला.

मोटार उडते कां? धांवत्या वस्तूची प्रवृत्ति सरळ जाण्याची. तिला वळवावयाचें तर चाकांची पकड व जिभेचा आधार लागतो, आणि तो जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून बोट जरा अधिक दाबलें गेलें कीं मोटारीचें शेपूट बाहेर फिरतें, जीभ खांचेंतून उचलली जाते, आणि मोटार आडवी! पुष्कळ मोटारींच्या पोटांत लोहचुंबक बसवितात. तो धातूच्या पट्टीस ओढ घेऊन मोटार खालीं दाबून धरतो. पण चुंबकाचा स्वभाव असा कीं अंतर किंचित् वाढलें कीं त्याचा जोर एकाएकीं घटतो. त्यामुळें चुंबकाची मोटार सुटते ती कांहीं आगाऊ सूचना न देतां सुटते.

पडलेली मोटार आपल्या जागीं निमूट पडून राहिली असती तर फारसें बिघडलें नसतें. ती बहुधा शेजाऱ्याच्या चाकोरींत जाऊन आडवी होते. मागून येणारा, ज्याचा कांहीं अपराध नाहीं, तो तिच्यावर आदळतो. शिवाय ती उचलून ठेवण्यासाठीं कोणाचा तरी हात मार्गावर यावा लागतो. मंडळांतून यासाठीं वळणावळणावर माणसें उभीं करतात. त्यांस ‘मार्शल’ म्हणतात, आपण कडेचा पंच म्हणूं. ज्यांची पाळी नसते तेच खेळाडू बहुधा हें काम करतात.

आतां मूळ प्रश्न. एक पक्ष म्हणतो, कोणीही पडो, सर्वांची वीज तोडा, मोटार ठेवा, मग पुढें चला. दुसरा म्हणतो, पडला तो पडला. त्यानें उठावें आणि धांवावें, इतरांनीं कां थांबावें? मास्तर माणूस असल्यामुळें मी हा वाद फळ्यावर मांडून पाहिला. समजा, माधव एक फेरी ६ सेकंदांत काढतो, पण दर चार फेऱ्यांत एकदां पडतो. गोविंद सावध, त्यास फेरीला ७ सेकंद लागतात, पण तो पडत नाहीं. शर्यत वीस फेऱ्यांची. माधवाचे १२० सेकंद व पांच पडझडी. गोविंदाचे १४० सेकंद. प्रत्येक पडझडीला शर्यत थांबविली तर माधवाचें कांहींच जात नाहीं, व तो २० सेकंदांनीं जिंकतो. म्हणजे बेफिकीरपणा फुकट झाला! गोविंदानें जें कौशल्य संपादन केलें, वळणापूर्वीं बोट सैल करण्याचें, त्याची किंमत शून्य.

बरें, मुळींच थांबविलें नाहीं तर? एक मोटार उचलून ठेवण्यास ५ सेकंद लागले तर माधवाचे १४५ होतात व गोविंद जिंकतो. पण कडेचा पंच चलाख असला आणि ३ सेकंदांत मोटार ठेवूं लागला, तर माधवाचे १३५ होऊन माधव जिंकतो. म्हणजे निकाल ना माधवाच्या हातीं, ना गोविंदाच्या. तो त्या तिऱ्हाइताच्या हातीं! मोटार पंचाच्या पायाशीं पडली तर एक भाव, टेबलाखालीं गेली तर दुसरा. माझ्या मतें न थांबविण्याच्या पद्धतींतील खरा दोष हा आहे. पडल्याची शिक्षा व्हावी हें योग्यच. पण ती प्रत्येकास सारखी व्हावी.

दुसराही एक दोष आहे, तो गणितांत दिसत नाहीं. उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या बार्शीटाकळीस नातवंडें येतात. शेजारचीं मुलेंही जमतात, आणि ओसरीवर हा खेळ मांडला जातो. त्यांतील एक सहा वर्षांची मुलगी प्रत्येक वळणावर पडे. मोठीं मुलें थांबत नसत. “आबाजी, माही गाडी पडली जी, थांबवा नं!” असें ती प्रथम ओरडे, पुढें ओरडणें बंद झालें, आणि तिसऱ्या दिवशीं ती आलीच नाहीं. ज्याला शिकावयाचें आहे तो पडणारच. त्याला दर वेळीं दोन फेऱ्या मागें टाकावयाचें, तर त्यानें शिकावें तरी कधीं?

यावर मुलांनीं स्वतःच एक तोड काढली, ती म्हणजे ‘टाइम प्लीज’. हा मंत्र महाराष्ट्रांतील कोणत्याही अंगणांत ऐकूं येतो. लपंडाव असो, शिवाशिवी असो, पायांत कांटा मोडला, चप्पल तुटली कीं मुठीचें चुंबन घेऊन ‘टाइम प्लीज’ म्हणावें, खेळ थांबतो. सोय उत्तम. पण पकडला जाण्याच्या अगदीं बेतांत असलेल्यालाच नेमका कांटा कसा मोडतो, हें कोडें आपण सर्वांनीं लहानपणीं पाहिलें आहे. आमच्या ओसरीवरही तेंच झालें. पुढचा भिडू वेगांत आला कीं मागच्याची मोटार ‘पडूं’ लागली. तेव्हां मीं पहिला नियम घातला: थांबा म्हणण्याचा अधिकार खेळणाऱ्यास नाहीं, कडेच्या पंचास.

आतां हा प्रश्न आपल्याकडील जुन्या शर्यतींनीं कसा सोडविला तें पाहण्यासारखें आहे. आमच्या वऱ्हाडांत बैलजोड्यांचा शंकरपट भरतो. अमरावती जिल्ह्यांतील तळेगांव दशासरचा पट विशेष प्रसिद्ध आहे. तेथें जोडी एकटी सोडतात. धुरकरी, त्याची जोडी आणि घड्याळ, एवढाच सामना. जोडी पट सोडून भरकटली तर तिची ती धांव गेली. दुसऱ्या कोणाचें कांहीं बिघडत नाहीं, कारण दुसरा कोणी पटावर नसतोच. पट मोकळा करावा, मग पुढची जोडी सोडावी. उलट सातारा-सांगलीकडील मैदानांत गाड्या एकदम सुटतात. तेथें प्रत्येक गाडीस आंखून दिलेल्या पट्ट्याला तास किंवा चाकोरी असेंच म्हणतात, आणि दुसऱ्याच्या तासांत घुसणारी गाडी बाद. तेथेंही धांवतें मैदान थांबविण्याचा प्रश्न नाहीं. उधळलेल्या बैलांस थांबा म्हणून कोण सांगणार? या शर्यती सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ मधील निकालानें बंद होत्या. डिसेंबर २०२१ मध्यें त्याच न्यायालयानें अटींवर परवानगी दिली, व मे २०२३ मध्यें घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा वैध ठरविला.

जनावरांची शर्यत थांबविणें किती कठीण, याचें एक विलायती उदाहरण प्रसिद्ध आहे. एप्रिल १९९३ मध्यें इंग्लंडांतील ग्रँड नॅशनल या घोड्यांच्या शर्यतीचा आरंभ चुकला. घोडे परत बोलाविण्यासाठीं जें निशाण उलगडावयाचें तें नीट उलगडलेंच नाहीं, आणि ३९ पैकीं ३० घोडे पुढें निघून गेले. सात घोड्यांनीं तर शर्यत पुरी केली! शेवटीं ती रद्द ठरली. थांबण्याची खूण सर्वांस एकाच क्षणीं पोहोंचली नाहीं तर थांबविणें न थांबविण्यापेक्षां वाईट. आमच्या खेळण्याचें येथें मोठें भाग्य: कळ एक, आणि ती फिरविली कीं सर्वांची वीज एकाच क्षणीं जाते.

खऱ्या मोटारींच्या शर्यतींत मात्र माधव-गोविंदांचा हाच तंटा आहे. अपघात झाला म्हणजे ‘सेफ्टी कार’ नांवाची एक मोटार पुढें काढतात. सर्वांनीं तिच्या मागें सावकाश चालावयाचें. माणसें वांचतात, पण पुढच्यानें मोठ्या कष्टानें मिळविलेलें अंतर क्षणांत नाहींसें होतें. डिसेंबर २०२१ मध्यें अबू धाबी येथील फॉर्म्युला वनच्या शर्यतींत लुईस हॅमिल्टन बराच पुढें होता. शेवटच्या कांहीं फेऱ्या उरल्या असतां दुसऱ्याच एका चालकाची मोटार भिंतीवर आदळली, सेफ्टी कार निघाली, अंतर मिटलें, आणि अखेरच्या फेरींत मॅक्स व्हर्स्टापेन पुढें जाऊन जगज्जेता झाला. तो वाद अद्याप शमलेला नाहीं. याहून शहाणी युक्ति २०१५ पासून तेथेंच चालू आहे. १४ सालच्या ऑक्टोबरांत जपानमधील शर्यतींत ज्यूल बियांकी या तरुण चालकाची मोटार, दुसरी पडलेली मोटार उचलण्यास आलेल्या यंत्रावर आदळली व त्या दुखापतीनें तो पुढें वारला. त्यानंतर असें ठरलें कीं, प्रसंगीं सेफ्टी कार न काढतां प्रत्येकानें आपल्या जागींच ठरलेल्या मंद गतीनें चालावें. गति सर्वांची सारखी उतरते, त्यामुळें अंतरें बहुतेक जशींच्या तशीं राहतात.

आमच्या ओसरीवर वीज तोडली असतां हेंच होतें: जो जेथें आहे तो तेथेंच राहतो. मात्र दोन गोष्टी संभाळाव्या लागतात. शर्यत मिनिटांवर असेल तर विजेबरोबर घड्याळही थांबलें पाहिजे. आणि वीज परत देतांना एकदम देऊं नये. वाट पाहून कंटाळलेलीं मुलें घोडा पूर्ण दाबून बसलेलीं असतात. वळणावर उभी असलेली मोटार वीज येतांच उडते, आणि पहिल्या पडझडीच्या उपचारांतून दुसरी जन्मास येते. तीन, दोन, एक असें मोठ्यानें म्हणून मग कळ फिरवावी.

बाकीचा निवाडा मीं असा केला. मोटार स्वतःच्या वळणाबाहेर, कोणाच्या वाटेंत न येतां पडली, तर शर्यत चालू राहील. पंच ती उचलून ठेवील. ती दुसऱ्याच्या चाकोरींत आडवी आली, किंवा मार्गावर हात घालावा लागला, तर पंच ‘थांबा’ म्हणेल व वीज तुटेल. पण दोन्ही प्रसंगीं किंमत एकच: इतर धांवूं लागल्यापासून, अथवा पडल्यापासून, पांच अंक मोजून होईपर्यंत पडलेल्यानें घोड्यास बोट लावावयाचें नाहीं. पंच आळशी असो कीं चलाख, माधवाचे १४५ च होतील. आठ वर्षांखालील मुलांस हे पांच अंक माफ. यावर माझ्या थोरल्या नातवानें, ‘मग मी सात वर्षांचाच आहे’, असा युक्तिवाद केला. तो त्याच्या मिसरुडाकडे पाहून फेटाळण्यांत आला.

एक प्रसंग राहिला. दोनच खेळाडू असले आणि दोघेही एकदम पडले, तर कळीस हात लावूं नये. थांबावयास कोणी धांवतच नसतो. ज्यानें त्यानें आपली मोटार उचलावी, दोघांनीं मिळून पांच मोजावे आणि निघावें.