कुमारपट्टणमचा जमाखर्च

हुबळीहून महामार्गाने हरिहरकडे निघालं, की राणेबेन्नूर ओलांडल्यावर तुंगभद्रेच्या अलीकडे कुमारपट्टणमच्या चिमण्या दिसतात. हरिहर पॉलिफायबर्सने इथे १९७२ साली निलगिरीपासून रेयॉनचा लगदा काढायला सुरुवात केली. पाच वर्षांनी शेजारीच त्या लगद्याचे तंतू होऊ लागले. ग्रासिमच्या बिर्ला सेल्युलोजने आता २०४० पर्यंत कार्बनचं निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणायचं जाहीर केलं आहे, आणि हा कारखाना ग्रासिमचाच असल्याने तोही त्याच हिशेबात येतो. पण धारवाडमध्ये ज्यांनी ऐंशीचं दशक पाहिलं, त्यांना या नावाबरोबर आधी नदी आठवते.

हा भाग तेव्हा धारवाड जिल्ह्यातच होता; हावेरी वेगळा झाला १९९७ मध्ये. १९८४ साली तुंगभद्रेत मासे मरून पडल्याच्या तक्रारी उठल्या. अमेरिकेतून परतून मेडलेरीत ग्रामविकासाचं काम करणारे एस. आर. हिरेमठ आणि त्यांचे सहकारी यांच्या समाज परिवर्तन समुदायाने कारखान्याच्या सांडपाण्याचा प्रश्न हाती घेतला. बेळ्ळारीच्या बेकायदा खाणींवरून पुढे सर्वोच्च न्यायालयात गाजली ती हीच संस्था.

१९८४ मध्येच दुसरी ठिणगी पडली. राज्य सरकार आणि हरिहर पॉलिफायबर्स यांनी मिळून कर्नाटक पल्पवुड लिमिटेड काढली आणि सुमारे ३०,००० हेक्टर सार्वजनिक जमीन निलगिरीसाठी तिच्याकडे द्यायचं ठरलं. सरकारदप्तरी ती पडीक. गावाच्या लेखी चराई, सरपण आणि औताचं लाकूड. कन्नड लेखक शिवराम कारंत आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली आणि मार्च १९८७ मध्ये स्थगिती मिळाली. १४ नोव्हेंबर १९८७ रोजी हानगल तालुक्यातल्या कुसनूरला लोक जमले. त्यांनी निलगिरीची रोपं उपटली आणि त्यांच्या जागी गावाच्या उपयोगाची झाडं लावली. ‘कित्तिको-हच्चिको’, म्हणजे उपटा आणि लावा, हे या सत्याग्रहाचं नाव. १९९१ मध्ये सरकारने कर्नाटक पल्पवुड गुंडाळली.

मला या प्रकरणाची आजची बाजू जास्त खुणावते. पडीक म्हणून नोंदलेल्या जमिनीवर हजारो हेक्टर झाडं लावायची ही योजना आज मांडली असती, तर तिला हरित प्रकल्प म्हणून टाळ्या मिळाल्या असत्या. कुसनूरकरांचं भांडण कार्बनच्या कुठल्याच रकान्यात बसलं नसतं.

कारण लगद्याच्या कारखान्याला कार्बनचा हिशेब तसा सोपा जातो. लाकूड शिजवल्यावर निम्म्याहून अधिक भाग काळ्या द्रवात विरघळतो. तो आटवून बॉयलरमध्ये जाळला, की वाफ आणि वीज मिळते, वर शिजवणीची रसायनंही परत हाती येतात. हा धूर झाडातूनच आला, नवं झाड तो पुन्हा शोषून घेईल, म्हणून तो कोळशाच्या खात्यात धरत नाहीत. तंतूंच्या विभागाचं दुखणं वेगळं. त्याला कॉस्टिक सोडा लागतो, म्हणजे मिठाच्या पाण्यातून सोडलेली भरपूर वीज; शिवाय वाफ, आणि भारतात वाफ म्हटलं की बहुधा कोळसा. वर लगदा विरघळवण्यासाठी लागणारं विषारी कार्बन डायसल्फाइड. खरी परीक्षा इथे आहे, आणि ती निव्वळ घोषणेने पार होणारी नाही.

हरिहरला आता लायोसेलचा, म्हणजे लगद्यापासूनच पण वेगळ्या पद्धतीने होणाऱ्या तंतूचा, प्रकल्प येतो आहे. त्यात कार्बन डायसल्फाइड लागत नाही, आणि लगदा विरघळवणारं द्रावण जवळजवळ सगळं परत वापरता येतं. नदीकाठच्या लोकांनी चाळीस वर्षांपूर्वी जे मागितलं होतं, त्याच्या हे बरंच जवळ जातं, हे मान्य करायला हवं.

लाकडाचा प्रश्न मात्र लायोसेलनेही सुटत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने उद्योगांना जंगलाऐवजी शेतकऱ्यांकडून लाकूड घ्यायला सांगितलं. गायरानावरचा वाद त्यामुळे मागे पडला. आता निलगिरी शेतकऱ्याच्या मर्जीने लागते, तिथे कोणी रोपं उपटायला जात नाही. पण ती कोणत्या पिकाच्या जागी लागली आणि शेजारच्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं, याची नोंद ठेवायला २०४० च्या हिशेबात अजून तरी कोणी बांधील नाही.