दालचिनी रोलसाठी पहाटे चारला उठू नका

सकाळच्या नाश्त्याला घरी केलेले दालचिनी रोल म्हटलं की पहिली अडचण वेळेची निघते. पीठ मळा, फुगू द्या, लाटा, सारण पसरा, वळा, पुन्हा फुगू द्या, भाजा. म्हणजे आठला खायचे तर चारला उठणं आलं. एवढा हिशेब झाला की बेत तिथेच बारगळतो. खरं तर सगळा व्याप आदल्या संध्याकाळी उरकता येतो. पीठ मळून एकदा फुगवायचं, रोल वळून ट्रेमध्ये मांडायचे आणि ट्रे झाकून फ्रिजमध्ये सरकवायचा. 4 अंशांच्या आसपास यीस्टचं काम जवळजवळ थांबतं, पण पूर्ण बंद पडत नाही. सकाळी ट्रे बाहेर काढून तासभर ठेवला (थंडीच्या दिवसांत दीड तास), तर रोल हलके होतात. मग 180 अंशांवर बावीस ते पंचवीस मिनिटं भाजायचं. रात्रभर सावकाश आंबलेल्या पिठाला घाईने फुगवलेल्या पिठापेक्षा चवही जास्त येते, त्यामुळे ही निव्वळ सोय नव्हे.

बाकीचे बहुतेक गैरसमजही याच मुळाशी जातात: आपण घड्याळाकडे बघतो आणि यीस्ट तापमानाकडे. ‘पीठ एक तास ठेवा, दुप्पट होईल’ हे वाक्य बहुधा अशा देशातून आलेलं असतं जिथे स्वयंपाकघरात 20-22 अंश असतात. मे महिन्यात पुण्यात किंवा नागपुरात त्या एका तासात गोळा फुगून, बसून, आंबूस वास सोडायला लागलेला असतो. तापमान आठ-दहा अंशांनी वाढलं की आंबण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून घड्याळ बाजूला ठेवावं आणि पिठावर बोट दाबावं. खळगा पटकन भरून आला तर अजून वेळ आहे, हळूहळू अर्धवट भरला तर पीठ तयार आहे, आणि भरलाच नाही तर उशीर झाला.

‘दूध चांगलं गरम असलं की यीस्ट जोरात फुलतं’ हा समज सर्वांत जास्त रोल वाया घालवतो. यीस्ट हा जिवंत एकपेशीय बुरशीचा प्रकार आहे. 38-40 अंशांचं, म्हणजे बोटाला जेमतेम कोमट लागणारं दूध त्याला मानवतं. 55-60 अंशांवर तो मरतो. आपल्याकडे पिशवीचं दूध तापवल्याशिवाय वापरायचं नाही ही रीत आहे आणि ती इथे कामालाच येते, कारण उकळलेल्या दुधातली प्रथिनं पाव फुगण्याच्या आड येत नाहीत. फक्त ते निवायला हवं. ‘इन्स्टंट’ यीस्ट असेल तर ते आधी फुलवण्याचीही गरज नसते, थेट मैद्यात मिसळलं तरी चालतं. डबा उघडून बरेच महिने झाले असतील तर मात्र चिमूटभर साखरेच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवून फेस येतो का ते पाहावं. उन्हाळ्यात तर मी इन्स्टंट यीस्टला सरळ फ्रिजमधलं दूध घालते, म्हणजे पीठ आवरायला वेळ मिळतो.

मीठ यीस्टला मारतं, असंही सांगितलं जातं. अर्धा किलो मैद्याला 8 ग्रॅम मीठ लागतं. एवढ्याने यीस्ट मरत नाही, थोडं मंदावतं. पिठाला ताण आणि चव दोन्ही मिठामुळेच येतात, तेव्हा ते गाळू नये. यीस्टला खरा त्रास देते ती साखर. थोडी साखर त्याचं अन्न असते, पण मैद्याच्या दहा टक्क्यांच्या वर गेली की ती पाणी स्वतःकडे ओढून धरते आणि यीस्ट सुस्त होतं. 500 ग्रॅम मैद्याला 75 ग्रॅम साखर म्हणजे पंधरा टक्के झाली. त्यामुळे साध्या पावापेक्षा गोड पीठ उशिरा फुगतं. त्यात बिघडलेलं काही नसतं आणि घाबरून जास्तीचं यीस्ट घालायचं तर मुळीच कारण नसतं.

रोल कडक होतात तेव्हा दोष ‘जास्त मळलं’ यावर ढकलला जातो. हाताने मळणाऱ्याला मैदा जास्त मळणं जवळपास अशक्य आहे, त्याआधी खांदे दुखतात. बहुतेक वेळा कारण वेगळंच असतं: पीठ चिकटायला लागलं की आपण पोळ्यांच्या सवयीने मूठमूठ सुका मैदा टाकत जातो. या पिठाने सुरुवातीला चिकटायलाच हवं. 500 ग्रॅम मैद्याला 280 ते 300 मिलीलिटर दूध घालून सगळं कसंबसं एकत्र करावं, झाकून वीस मिनिटं सोडून द्यावं आणि मग दहा मिनिटं मळावं. त्या वीस मिनिटांत मैदा दूध शोषून घेतो आणि ग्लुटेनची जाळी आपोआप बांधली जाऊ लागते. 75 ग्रॅम लोणी त्यानंतर, थोडं थोडं. आधीच घातलं तर स्निग्धता त्या जाळीच्या आड येते.

आता दालचिनी. वाण्याकडे ‘दालचिनी’ म्हणून मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची साल बहुधा कॅशियाची असते. खरी सिलोन दालचिनी कागदासारख्या पातळ पदरांची, सिगारसारखी गुंडाळलेली असते आणि बोटांनी चुरडते. दोन्ही एकाच कुळातल्या वेगवेगळ्या झाडांच्या साली. आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही ‘दालचिनी’ आणि ‘तज’ (म्हणजे कॅशिया) यांची मानकं वेगळी आहेत. कॅशियाला ‘नकली’ म्हणून नाक मुरडणं मला पटत नाही. अमेरिकी रोलची जी झणझणीत चव आपल्याला ओळखीची आहे, ती इंडोनेशियातल्या कॅशियाचीच आहे. सिलोन दालचिनी सौम्य, किंचित लिंबासारखी. कोकणात नारळाच्या बागांत आंतरपीक म्हणून लावतात ती याच जातीची, आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने तिचा ‘कोकण तेज’ हा वाणही काढलेला आहे.

कॅशियात कूमारिन नावाचं द्रव्य असतं. ते जास्त प्रमाणात गेलं तर काही जणांच्या यकृताला अपाय करतं, आणि तेवढ्या माहितीवर रोलही बदनाम होतात. युरोपात यावरून खरोखरच वादळ झालं होतं. युरोपीय संघाच्या नियमानुसार साध्या गोड बेकरी पदार्थात किलोमागे 15 मिलिग्रॅम कूमारिन चालतं, पण ‘पारंपरिक किंवा सणासुदीच्या’ पदार्थात 50. 2013च्या अखेरीस डेन्मार्कच्या अन्नखात्याने तिथल्या लाडक्या दालचिनी रोलना साध्या गटात बसवलं आणि बेकरीवाले खवळले, कारण शेजारच्या स्वीडनने तसलेच रोल पारंपरिक ठरवून मोकळीक घेतली होती. काही महिन्यांत डेन्मार्कलाही तोच मार्ग धरावा लागला. आता आपला हिशेब करू. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेच्या मते 60 किलो वजनाच्या माणसाने रोज, दीर्घकाळ 2 ग्रॅमपेक्षा जास्त कॅशिया घेऊ नये. बारा रोलच्या सारणात दोन चहाचे चमचे, म्हणजे साधारण 5 ग्रॅम पूड जाते. एका रोलच्या वाट्याला अर्धा ग्रॅमही येत नाही. रोज सकाळी ‘साखर उतरते’ म्हणून चमचाभर दालचिनी गरम पाण्यात ढवळून पिणाऱ्यांनी मात्र आपली साल कुठली आहे ते जरूर तपासावं.

मसाला भरपूर हवा म्हणून दालचिनी पिठातच मळण्याचा मोह होतो. तो आवरावा. दालचिनीला वास देणारं सिनॅमल्डिहाइड यीस्टची वाढ रोखतं. दालचिनीने सारणात राहावं, 75 ग्रॅम मऊ लोणी आणि तेवढ्याच साखरेबरोबर. पिठात घालायची ती वेलची: दाणे जाडसर कुटून, चमचाभर. स्वीडनमध्येही असंच करतात.

स्वीडनचं नाव निघालंच आहे, तर अंड्याचं बघू. ‘अंडं नसेल तर असे रोल होतच नाहीत’ असं मानून शाकाहारी घरं या वाटेला जात नाहीत. स्वीडिश ‘कानेलबुल्ले’च्या नेहमीच्या पिठात अंडं नसतंच, मैदा, दूध, लोणी, साखर, यीस्ट आणि वेलची एवढाच ऐवज. अंडं फक्त वरून चकाकी यावी म्हणून लावतात, तिथे दूध लावलं तरी काम भागतं. वर ते जाड दाण्यांची साखर भुरभुरतात. आपण खडीसाखर भरड कुटावी. या रोलमागे हजार वर्षांचा वारसा असेल असंही वाटतं, पण स्वीडनमध्ये ते पहिल्या महायुद्धानंतरच, साखर-लोण्याची टंचाई सरल्यावर पसरले. 4 ऑक्टोबरचा ‘दालचिनी रोल दिन’ तर 1999 सालचा. आणि तिथे हा न्याहारीचा पदार्थही नव्हे, दिवसातल्या कॉफीच्या सुट्टीत खायचा. नाश्त्याला आपण खाल्ला तर कुणाची हरकत नाही.

लाटलेल्या पिठाची वळकटी घट्ट आवळू नये. भाजताना मधला भाग जागा न मिळून वर उसळतो. कापायला सुरीपेक्षा जाड दोरा बरा. वळकटीखालून घालून वर फुली मारून ओढला की अळुवडीसारखे वेटोळे न दबता साफ सुटतात.

उरलेले रोल फ्रिजमध्ये ठेवले की टिकतात, हाही एक समज. बुरशी उशिरा येते हे खरं, पण भाजलेल्या पिठातला स्टार्च फ्रिजच्या तापमानातच सर्वांत लवकर घट्ट होतो आणि दुसऱ्या दिवशी रोल शिळ्या पावाइतका कोरडा लागतो. कच्च्या रोलना फ्रिज मानवतो, भाजलेल्यांना नाही. दोन दिवसांत संपणार असतील तर बंद डब्यात बाहेर ठेवावेत, नाहीतर एकेक गुंडाळून थेट फ्रीजरमध्ये. खाताना वाफेवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये अर्ध्या मिनिटात ते पुन्हा मऊ होतात.