दारू किती भरावी?

मथळा वाचून सोंवळ्या वाचकांनीं दचकूं नये. प्रश्न आहे तो बंदुकीच्या दारूचा. आणि नांदेड-लातुराकडील घरांना तो अगदींच परका नाहीं. नांदेडच्या हुजूर साहेबांत गुरु गोविंदसिंहांचीं शस्त्रें आजहि भक्तिभावानें जपलेलीं आहेत. कंधार, औसा, उदगीर हे किल्ले याच मुलखांतले. १७६० च्या आरंभीं सदाशिवरावभाऊंनीं निजामाला येथेंच नमविलें, आणि त्या विजयांत इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचा वाटा मोठा होता. जुन्या वाड्यांतून खंडेनवमीला तलवारीशेजारीं एखादी ठासणीची बंदूक पाटावर मांडलेली अजून दिसते. अशा घरांतील तरुण अमेरिकेस जातो, तेथें लोक रिव्हॉल्व्हरचीं रिकामीं काडतुसें घरींच पुन्हां भरतात हें पाहतो, आणि म्हणतो, “यांत अवघड तें काय? पणजोबा बंदूक ठाशीत, तशींच काडतुसें भरावयाचीं!” या ‘तशींच’मध्यें सगळा घात आहे.

पणजोबांची दारू ती काळी दारू; सोरा, गंधक आणि कोळसा यांची. ती मोजावयास लहानसें मापटें पुरे, तराजूचें काम नसे. तिच्यांत दोष पुष्कळ: धूर, काजळी, नळीला गंज. पण ताकद बेताची, हा गुणहि मोठा. १८७३ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ४५ बोराच्या प्रसिद्ध काडतुसांत ही दारू सुमारें ४० ग्रेन मावे, आणि तेवढ्यानें काडतूस जवळजवळ कांठोकांठ भरे. चुकून दुप्पट भरूं म्हटलें तर जागाच नाहीं! भांड्याचा कांठ हाच रखवालदार होता.

१८८४ मध्यें व्हिएल या फ्रेंच शास्त्रज्ञानें बिनधुराची दारू तयार केली आणि हा रखवालदार निघून गेला. नवी दारू वजनास थोडी, ताकदीला जबर. ३८ बोराचें जें काडतूस आज जगभर चालतें, तें १८९८ सालचें. म्हणजे त्याचें पोट काळ्या दारूच्या बेतानें ठेवलेलें. त्यांत नवी दारू पडते ती बहुधा चार-पांच ग्रेन. ग्रेन म्हणजे सुमारें ६५ मिलिग्राम. तेव्हां पांच ग्रेन म्हणजे पुरत्या तीन गुंजाहि नव्हेत. बाकीचें पोट रिकामेंच. भरतांना कोणी हांक मारली, लक्ष चळलें आणि त्याच काडतुसांत दुसऱ्यांदा दारू पडली, तर वरून गोळी बसविल्यावर कांहींएक कळत नाहीं. कळतें तें चाप ओढल्यावर.

आमच्याच बाजूच्या परांड्याच्या किल्ल्यावरून १६३२ मध्यें विजापुरास गेलेली मलिक-ए-मैदान तोफ ज्यांनीं पाहिली असेल, त्यांना तिची फूटभराहून जाड भिंत आठवेल. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रांतील घरांची भिंत कित्येकदां दोन-तीन मिलिमीटरच असते. ती फुटली म्हणजे चक्राचा वरचा भाग उडतो, आणि तो उडतो डोळ्यांच्या समोर.

मग सुरक्षित माप कोणतें? एकच एक असें माप नाहीं. पापडखाराच्या चमच्यानें खाण्याचा सोडा घालून पाहिलेल्या सुगरणीला हें निराळें सांगावयास नको. दारूची जात, गोळीचें वजन, ती किती खोल बसविली, टोपी कोणत्या कारखान्याची, यांतील एक गोष्ट बदलली कीं आंतला दाब बदलतो. गोळी थोडी अधिक खोल गेली तरी पोटांतली जागा आखडते आणि दाब एकदम चढतो. म्हणून जाणते लोक दारू करणाऱ्या कारखान्यानें त्याच दारूसाठीं छापलेला तक्ता समोर ठेवतात, त्यांतील किमान आंकड्यापासून आरंभ करतात आणि कमाल आंकडा कधींच ओलांडीत नाहींत. एका वेळीं मेजावर दारूचा एकच डबा ठेवावयाचा. चिठ्ठी निघालेल्या डब्यांतील दारू वापरावयाचीच नाहीं. काडतुसें ओळीनें लावून, गोळी बसविण्यापूर्वीं, उजेडांत प्रत्येकाच्या पोटांत डोकावावयाचें. कमी भरणें म्हणजे सुरक्षित, हाहि भ्रमच. फारच थोडी दारू पडली तर गोळी नळींतच अडकते. बार नुसता ‘फुस्स’ होतो. आणि घाईनें दुसरा बार काढला कीं नळी फाटते.

हें सारें तेथल्या लोकांचें झालें. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचें पांचवें कलम परवान्यावांचून दारूगोळा तयार करूं देत नाहीं. हातांतल्या हत्याराचा परवाना असला तरी तो काडतुसें भरण्याचा परवाना नव्हे. खडकीस १८६९ पासून काडतुसांचा कारखाना आहे, जळगांव जिल्ह्यांत वरणगांवास दुसरा आहे. तेथें हें काम दाब मोजण्याच्या यंत्रांच्या साक्षीनें चालतें. घरीं परवान्याचें रिव्हॉल्व्हर असेल त्यानें परवानाधारक विक्रेत्याकडून तयार काडतुसें घ्यावीं.

पाटावरच्या त्या ठासणीच्या बंदुकीविषयीं मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. काळी दारू कोरडी राहिली तर कित्येक पिढ्या जिवंत राहते. कोणी शेवटचा बार ठासून ठेवला आणि तो काढावयाचा राहिला, असें जुन्या बंदुकींत घडतें. नळीचें तोंड कोणाकडेहि नसेल असें धरून लांकडी गज अलगद, न ठोकतां, आंत सोडावा. नळीच्या तोंडाशीं गजावर खूण करावी. मग तोच गज बाहेर नळीला लावून पाहावा. टोंक कानापर्यंत पोंचलें तर बंदूक रिकामी. चार बोटें अलीकडे थांबलें तर आंत कांहीं तरी आहे. मग तेथेंच थांबावें, खरडूं नये, नळी तापवूं नये, मुलांना दूर ठेवावें आणि पोलीस ठाण्यास कळवून जाणत्या परवानाधारक कारागिरास बोलवावें. येत्या खंडेनवमीला हळदकुंकू वाहण्याच्या आधींच हें करावें. कारण त्या दिवशीं समोर निरांजन पेटलेलें असतें.