आडत्याची पट्टी

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांची नोकरी शहरांत असली, तरी गांवीं वडिलार्जित जमिनीचा एखादा तुकडा असतोच. तेथील माल कोणी तरी बाजारांत घालतो, पट्टी येते, ती खिळ्याला टोंचली जाते, आणि वर्षअखेर हिशेब जुळला नाहीं म्हणजे भाऊबंदांत कुरबूर सुरू होते. बीड जिल्ह्यांतील कांहीं घरांच्या हकीकती ऐकल्यावर आम्हांस असें वाटूं लागलें आहे, कीं या कुरबुरीचें मूळ पुष्कळदां घरांत नसून आडत्याच्या दुकानांत असतें.

बालाघाटाच्या उतारावरील सीताफळ प्रसिद्धच आहे. 2016 सालीं बीडच्या सीताफळास भौगोलिक मानांकनही मिळालें. पण हें फळ मोठें अधीर! झाडावरून उतरविलें कीं थोड्याच दिवसांत मऊ पडतें. पुण्यामुंबईस पोंचल्यावर भाव पसंत नाहीं म्हणून तें परत आणण्याची सोय नाहीं. म्हणून माल आडत्याच्या स्वाधीन करावा, त्यानें मिळेल त्या भावानें विकावा, आणि आपली आडत व खर्च कापून उरलेली रक्कम पाठवावी, अशी वहिवाट पडली. कांद्याची गोष्टही फारशी निराळी नाहीं.

येथें एक समजूत दुरुस्त केली पाहिजे. आडत्या हा आपला गिऱ्हाईक नव्हे. तो आपला प्रतिनिधि आहे. 1872 च्या कराराच्या कायद्याप्रमाणें मागणी होतांच हिशेब देणें आणि आपल्याकरितां आलेली रक्कम आपणांस पोंचविणें त्यास बंधनकारक आहे. मालकास न कळवितां त्यानें माल स्वतःच घेऊन वर नफा मिळविला, तर तो नफा मागण्याचा अधिकार मालकास आहे. पट्टी म्हणजे त्याची मेहेरबानी नव्हे, हें ध्यानांत येण्यास मात्र कित्येकांस आयुष्य लागतें.

बाजारास नियम लावण्याचा प्रयत्न जुना आहे. वऱ्हाडांत कारंजा येथें 1886 सालींच कापसाचा नियंत्रित बाजार झाला. बीड ज्या निजामी राज्यांत होतें, तेथें 1930 सालीं तसा कायदा आला. सध्यांचा महाराष्ट्राचा कायदा 1963 चा. मालाचे पैसे चोवीस तासांच्या आंत द्यावेत असें बंधन आहे, आणि वजन, प्रत किंवा रकमेसंबंधीं तंटा झाल्यास बाजार समितीकडे दाद मागतां येते. 2016 च्या जुलैपासून फळें व भाजीपाला यांवरील आडत शेतकऱ्याकडून न घेतां खरेदीदाराकडून घ्यावी असेंही ठरलें. परंतु त्याच वेळीं आवाराबाहेरच्या विक्रीवरील समितीचें नियंत्रण सुटलें, तेव्हां तेथें फसलेल्यास दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. शिवाय हमाली, तोलाई, गाडीभाडें हीं उरतातच. 2023 च्या फेब्रुवारींत सोलापूरच्या बाजारांत 512 किलो कांदा घालणाऱ्या एका शेतकऱ्याच्या हातीं सर्व खर्च वजा जातां 2 रुपये 49 पैसे आले, तेंही धनादेशानें आणि पुढील तारखेच्या!

आमच्या परिचयाच्या एका घरीं याहून निराळाच प्रकार घडला. वडील वारल्यावर आईनें सीताफळाच्या चार गाड्या नेहमींच्या आडत्याकडे पाठविल्या. दोन पट्ट्या आल्या, दोन आल्याच नाहींत. हंगामापूर्वीं उचल घेतलेली, शिवाय तीस वर्षांचा घरोबा, विचारावें कसें? भिडेंत दिवस गेले. मुलानें अखेर दावा लावला, तेव्हां आडत्याचें म्हणणें असें, कीं शेवटची गाडी विकली तेव्हांच आपला संबंध संपला, आणि त्यास तीन वर्षें उलटून गेलीं. अशा हिशेबाची मुदत तीनच वर्षें. मधल्या काळांत हिशेब मागून नाकारला गेला नसेल, तर ती संबंध संपल्यापासून मोजतात.

घर वांचलें तें एका चिठ्ठीमुळें. दुसऱ्या वर्षीं आडत्यानें स्वतःच्या सहीनें लिहिलें होतें, “आपला हिशेब बाकी आहे, पाडव्यानंतर पाहूं.” मुदतींत सहीनिशीं दिलेल्या कबुलीनें मुदत नव्यानें सुरू होते. मध्यप्रांतांतील मणिराम विरुद्ध रूपचंद या खटल्यांत, खातें अद्याप चालू आहे एवढ्या कबुलीवरूनही निघेल ती बाकी देण्याचें वचन गृहीत धरतां येतें, असें प्रिव्ही कौन्सिलनें 1906 सालीं ठरविलें आहे. तोंडी “देतों, देतों” यास मात्र कांहीं किंमत नाहीं. बाईंनीं ती चिठ्ठी जपली होती ती कायदा ठाऊक होता म्हणून नव्हे. यजमानांच्या वेळचे सर्व कागद त्या ट्रंकेंत ठेवीत, त्यांतच ती पडली होती.

तारीख दोनदां पुढें गेली. तिसऱ्या वेळीं आडत्यानें तडजोड करून दोन्ही गाड्यांची रक्कम भरली. उचलीचा आकडा त्यानें त्यांतून पैन् पै वळता करून घेतला, आणि तेवढा हक्क कायद्यानें त्याचाच होता.