चौदा सूत

मलकापूरहून बुलढाण्याला येताना मोताळा सोडलं की राजूरचा घाट लागतो. वळणामागून वळण, पुढे भरलेला ट्रक, दुसरा गिअर, पहिला, पुन्हा दुसरा. आमचे एक शिक्षक मित्र हा घाट रोज चढतात. उंची सहा फूट चार इंच आणि गाडी आठशे सीसीची. एकदा मी त्यांच्या शेजारी बसून आलो. क्लचवरून पाय उचलला की डावा गुडघा स्टिअरिंगच्या कडेला घासायचा, म्हणून ते दर वेळी गुडघा गिअरच्या दांडीकडे फाकवत. डोकं छताला लागू नये म्हणून मान पूर्ण वेळ उजवीकडे कललेली. बुलढाण्यात उतरल्यावर गाडीचा दरवाजा धरून ते जरा वेळ तसेच उभे राहिले, मग चालू लागले. चाळिशीच्या माणसाचं ते उतरणं मला बघवलं नाही. मोठी गाडी घ्या म्हणणाऱ्यांचं काय जातं? घराचे हप्ते आणि मुलीचं शिक्षण एकाच पगारातून चाललेलं असतं.

खामगावात नांदुरा रोडला एक सीटवाले मिस्त्री सीट आणखी मागे बसवून देतात, असं सरांच्या कानावर आलं होतं. ते निघाले तेव्हा मीही सोबत गेलो.

पत्र्याचं शेड. दारात कुठल्याशा काळी-पिवळीची फाटलेली बाकं, एक ट्रॅक्टरची सीट, आत शिलाई मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या रेक्झिनच्या गुंडाळ्या. पण आधी येतो तो वास. रेक्झिन आणि फोम चिकटवायच्या सोल्युशनचा, गोडसर आणि डोक्यात चढणारा. अर्ध्या तासात माझं कपाळ ठणकायला लागलं. मिस्त्री तिशीच्या आधीपासून या वासात आहेत, आता साठीला आले. तोंडाला रुमालसुद्धा नाही. अशा सोल्युशनात बहुतेक वेळा टोल्युईनसारखं द्रावक असतं आणि ते वर्षानुवर्षं हुंगणं मेंदूला आणि नसांना बाधतं. मी तसं म्हटलं, तर ते म्हणाले, "सवय झाली भाऊ," आणि डब्याचं झाकण लावून टाकलं. बहुधा माझ्यासाठीच.

मिस्त्रींनी गाडीला हात लावायच्या आधी सरांना मोजलं. सीट शेवटच्या खाचेपर्यंत मागे सरकवून त्यांना बसवलं. "सर, क्लच दाबा. पुरा. आता सोडा." क्लच तळाशी टेकलेला असताना गुडघ्यात किती वाक उरतो ते बाजूला उकिडवं बसून पाहिलं. मग स्टिअरिंगची कड आणि गुडघा यांच्यामध्ये आपली मूठ घालून पाहिली. ती गेली नाही. डोकं आणि छत यांच्यात बोटं घातली. दोनसुद्धा मावली नाहीत. मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकवायला लावलं आणि पाठ सीटला चिकटलेली राहते का ते पाहिलं. शेवटी मांडीखाली हात सरकवला. मांडीचा पुढचा अर्धा भाग अधांतरी होता. "गुडघा त्याच्यानंच दुखते," ते म्हणाले. "मांडीले टेकाच नाई, मंग सारं वजन टाचीवर."

इतकं झाल्यावर टेप काढली, खडूने फरशीवर दोन रेघा मारल्या आणि आकडा सांगितला: चौदा सूत.

आठ सुतांचा एक इंच. म्हणजे सीट आणखी पावणेदोन इंच मागे जाणार. सरांना तीन इंच हवे होते. मिस्त्रींनी मान हलवली. "चौदा सूत. त्याच्या मांगं नाई जात मी."

का नाही, हे त्यांनी काम करता करता तुटक तुटक सांगितलं आणि त्यातच त्यांची सगळी विद्या आहे. छोट्या गाडीचं स्टिअरिंग पुढे-मागे होत नाही. सीट फार मागे नेली तर पाय मोकळे होतात, पण हात ताणले जातात, खांदे सीटवरून सुटतात आणि घाटातल्या वळणावर चाक पुरतं फिरवता येत नाही. शिवाय सीट ज्या चार बोल्टवर उभी असते ते कंपनीने गाडीच्या तळाला जिथे आडवी मजबुती दिलेली असते तिथेच बसवलेले असतात. बाकीचा तळ म्हणजे पातळ पत्रा. सीट मागे न्यायची तर मूळ भोकांवर जाड पट्टी आवळायची आणि त्या पट्टीवर मागे नवी भोकं पाडून सीटचे रनर बसवायचे. पट्टी जितकी मागे निघेल तितकी तरफ वाढते. समोरून धडक बसली की सीट पुढे उलटू पाहते, मागचे बोल्ट वर ओढले जातात आणि तो सगळा ताण पट्टीवर येतो. कित्येक गाड्यांत सीटबेल्टचं बकलही सीटच्याच सांगाड्याला असतं. सीट सुटली तर बेल्ट बांधून उपयोग नाही. चौदा सूत हा आकडा मिस्त्रींनी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही. पण तो हवेतूनही आलेला नाही.

एकच माप सगळ्यांना बसत नाही, हा प्रश्न जुना आहे. 1950 च्या सुमारास अमेरिकी हवाई दलाने चार हजारांवर वैमानिकांची मापं घेतली होती. विमानांचे कॉकपिट तोवर 'सरासरी' वैमानिकासाठी बांधलेले असत. गिल्बर्ट डॅनियल्स या तरुण अधिकाऱ्याने 4,063 वैमानिकांची दहा मापं सरासरीशी ताडून पाहिली. दहाही मापांत सरासरीच्या जवळ बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. त्यानंतर तिथे हलवता येणाऱ्या सीटांचा आग्रह सुरू झाला. मोटारीतही सीट पुढे-मागे सरकते, पण स्वस्त गाडीत रनरची लांबी जिथे संपते तिथे कंपनीची जबाबदारीही संपते. त्यापुढच्या माणसाला नांदुरा रोड गाठावा लागतो.

सीट काढणं पाच मिनिटांचं काम. पुढचे दोन बोल्ट, मागचे दोन बोल्ट, बॅटरीची तार आधीच सुटी केलेली. सीटखाली खडूचे तुकडे, एक पेन आणि वाळलेलं बोर निघालं. नव्या गाड्यांत सीटखालून पिवळ्या जोडणीच्या तारा जातात, त्या एअरबॅगच्या असतात. अशी गाडी आली तर मिस्त्री हात लावत नाहीत, परत पाठवतात.

पट्टी तीन सूत जाडीची. मिस्त्रींच्या मुलाने ती कापून, भोकं पाडून, कडा घासून आणली. आता तीन सूत पट्टी खाली गेली म्हणजे सीट तीन सूत वर आली, आणि वर तर आधीच जागा नाही. म्हणून गादी उघडावी लागते. पकडीने कव्हरच्या रिंगा तोडल्या, कव्हर सोललं आणि पिवळट फोमची लादी हेक्साच्या पात्याने खालून कापायला घेतली. बसण्याच्या जागी आठ सूत काढले, पुढच्या कडेला काहीच नाही. उलट काढलेल्या फोमचाच एक पाचरीसारखा तुकडा पुढे मांडीखाली चिकटवला. डब्याचं झाकण पुन्हा उघडलं, वास पुन्हा पसरला. तळव्याने फोम दाबत, कान तिकडे लावल्यासारखे ते हळूहळू पुढे सरकत होते. कुठे पोकळी राहिली ते हाताला कळतं म्हणे.

बोल्ट मात्र त्यांनी माझ्या हातात दिला. डोक्यावर 8.8 असं कोरलेलं. हाय टेन्साईल. बाजारात याच मापाचा साधा बोल्ट पुष्कळ स्वस्त मिळतो आणि बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नाही. "अन् वेल्डिंग?" मी विचारलं. पुष्कळ ठिकाणी सीटचा पाया सरळ तळाच्या पत्र्याला वेल्ड करून देतात, ते मी ऐकून होतो. मिस्त्रींचा चेहरा बदलला. "पत्र्यावर वेल्डिंग मारलं त काम एका घंट्यात होते. पन खाली पेट्रोलची नळी हाये, वरतं वायरिंग हाये. रंग जळला का तिथूनच गंज धरते. अन् ठोकली त सीट मानसाले घेऊन जाईन." असं करून घेतलेली एक गाडी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली होती. ती त्यांनी नाकारली.

कायद्याचंही सांगायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलं. मागची सीट काढून टाकली तर आसनसंख्या बदलते, म्हणून तिला मिस्त्री हात लावत नाहीत. दिव्यांगांसाठी गाडीत बदल करून घेण्याची वाट त्याच कलमात आहे. नुसत्या उंच माणसासाठी तशी वाट नाही. मला वाटतं, ती असायला हवी: अशा पट्टीची एकदा तपासणी व्हावी, पुस्तकावर नोंद व्हावी आणि मिस्त्रींसारख्यांच्या हाताला मान्यता मिळावी.

संध्याकाळी सर पुन्हा बसले. क्लच, ब्रेक, मनगट, मूठ. मूठ आता गेली. डोक्यावर तीन बोटं मावली, मान सरळ झाली. मागच्या सीटवर त्यांच्या मुलीचे गुडघे मात्र आता पुढच्या सीटला टेकतात. ती किंमत आहेच.

तुमची किंवा घरातल्या कुणाची उंची सहा फुटांच्या वर असेल, तर नवी-जुनी कुठलीही गाडी घेण्याआधी सीट पूर्ण मागे घेऊन, क्लच तळापर्यंत दाबून निदान पंधरा मिनिटं बसून पाहा. गाडी आधीच घेतली असेल आणि काम करून घ्यायचंच असेल, तर वेल्डिंगला साफ नाही म्हणा, बोल्टवरचा आकडा स्वतः वाचा, विमा कंपनीला लेखी कळवा, आणि मिस्त्री चौदा सुतांवर थांबले तर त्यांच्याशी वाद घालू नका.