करडा रंग आणि हरवलेला उंबरा

मुलांनो, तुमचा आवडता रंग कोणता? कोणी लाल म्हणेल, कोणी निळा, कोणी मोरपिशी. पण "बाई, मला करडा आवडतो," असं सांगणारं मूल माझ्या वर्गात अजून तरी भेटलेलं नाही. बिचारा करडा! खरं तर आपल्या भाषेनं त्याला किती छान नावं दिली आहेत. राखेचा तो राखाडी, पारव्याच्या पंखांचा तो पारवा आणि उंदराचा तो उंदरी!

मला मात्र हा रंग आवडतो. म्हणून दिवाळीआधी घर रंगवायला काढलं, तेव्हा मी हट्टाने मधल्या खोलीसाठी करडा रंग निवडला. चारही भिंती करड्या. शोभून दिसावा म्हणून स्वयंपाकघराचा उंबराही करडा. खाली शहाबादी फरशी होतीच, तीही करडी! रंगारीकाका म्हणाले, "ताई, जरा जास्त होतंय." मी कुठली ऐकतेय?

दोन दिवसांनी संध्याकाळी सासूबाई उंबऱ्याला अडखळून पडल्या. हात मुरगळला. त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, उंबरा दिसलाच नाही मला. कुठं गेला तो?"

उंबरा जागेवरच होता. मग तो हरवला कसा?

त्याचं असं आहे. एखाद्या वस्तूची कड आपल्याला दिसते, ती मुख्यतः फिकट आणि गडद यांतल्या फरकामुळे. पांढऱ्या कागदावरची काळी रेघ चटकन दिसते, पण करड्यावरची करडी दिसत नाही. त्यातून वय वाढलं की डोळ्यांतलं भिंग थोडं धूसर होतं आणि हा फरक आणखीनच कमी जाणवतो. जुन्या घरांतही शहाबादी फरशी असे, पण भिंतींना पांढरा चुना असे. त्यामुळे जमीन कुठं संपली आणि भिंत कुठं सुरू झाली, ते कळायचं.

म्हणजे करडा रंग वाईट का? मुळीच नाही! तो आहे शेजाऱ्याच्या वळणावर जाणारा. खोटं वाटतं? मग हा प्रयोग करा.

काळा आणि पांढरा पोस्टर कलर मिसळून करडा रंग तयार करा. तो एका कागदावर सारखा लावा. वाळला की दोन सारखे चौकोन कापा. एक काळ्या कागदावर ठेवा, दुसरा पांढऱ्या कागदावर. आता बघा! काळ्यावरचा चौकोन फिकट दिसेल आणि पांढऱ्यावरचा गडद. लाल कागदावर ठेवलात तर त्यात किंचित हिरवी झाक भासेल, आणि पिवळ्यावर निळसर. चौकोन मात्र तेच!

ही गंमत नीट अभ्यासली ती शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिसमध्ये गोब्लँ नावाचा चित्रपट विणण्याचा प्रसिद्ध कारखाना आहे. तिथल्या रंगखात्याचे ते प्रमुख होते. काळा रंग पुरेसा काळा दिसत नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी रंग तपासला, तर त्यात काही खोट नव्हती. त्या धाग्याशेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे तो फिका भासत होता! यावर त्यांनी 1839 मध्ये मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. आणि बरं का, हे गृहस्थ तब्बल 102 वर्षं जगले!

आता घरात करडा वापरायचा कसा? आई-बाबांनाही हे वाचून दाखवा.

एक, चारही भिंती करड्या करू नका. एखादीच करा. बाकीच्या भिंती आणि छत पांढरं किंवा मोतिया ठेवा.

दोन, करड्याला सोबती द्या. पिवळा पडदा, लाल उशी किंवा कुंडीतलं हिरवं रोप त्याच्यापुढे खुलून दिसतं.

तीन, खोलीत उजेड कमी असेल तर गडद किंवा निळसर करडा टाळा. पिवळसर झाक असलेला फिकट करडा बरा.

चार, रंगाच्या छोट्या कार्डावर भुलू नका. वर्तमानपत्राच्या पानाएवढा तुकडा भिंतीवर रंगवून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाहा. मगच ठरवा.

आणि पाचवी गोष्ट माझ्या चौथीतल्या लेकीने शोधली. डोळे अर्धवट मिटून तिने घर पाहिलं. असं केलं की बारकावे पुसट होतात आणि फिकट-गडद तेवढं उरतं. "आई, खरंच उंबरा दिसत नाही गं!" ती ओरडली. त्याच दिवशी आम्ही दोघींनी उंबऱ्याच्या कडेला पिवळ्याधमक रंगाचा पट्टा ओढला. भिंतींपैकी तीन पुन्हा पांढऱ्या केल्या. चौथी अजून करडीच आहे, आणि सुरेख दिसते. सासूबाई आता तिच्याशेजारी बसूनच भाजी निवडतात.

तर आज तुम्हीही डोळे किलकिले करून घरभर फिरा. उंबरा, जिन्याची पायरी, न्हाणीघराची कड बघा. आजी-आजोबांना काही दिसत नसेल, तर रंगाचा डबा घ्या आणि कामाला लागा!